नाव, जागा, वेळ

२३ मार्च २००१ रोजी रशियाचं 'मीर' हे अंतराळस्थानक मुद्दाम खाली पाडण्यात आलं. १९८६ साली सोव्हिएत संघाने ते वर पाठवलं होतं. पंधरा वर्षं ते पृथ्वीभोवती फिरत राहिलं आणि मधल्या काळात ते पाठवणारा देशच नकाशावरून पुसला गेला. सुमारे १३० टनांचं ते धूड सांभाळणं परवडेनासं झालं, तेव्हा मॉस्कोजवळच्या नियंत्रण केंद्रातून त्याला खाली आणलं गेलं. बराचसा भाग हवेतच जळाला, उरलेले तुकडे दक्षिण पॅसिफिक महासागरात पडले. फिजीच्या किनाऱ्यावरून लोकांनी आभाळात पेटत्या रेघा पाहिल्या. 'टाको बेल' या अमेरिकी खाद्यसाखळीने ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात एक भलंमोठं लक्ष्य तरंगत ठेवलं होतं. 'मीर'चा एखादा तुकडा त्यावर पडला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक टाको फुकट मिळणार होता. तसा तुकडा पडला नाही, आणि कोणाला इजाही झाली नाही.

दोन वर्षांनी, २७ जून २००३ रोजी, अमेरिकेच्या 'शोटाइम' वाहिनीवर 'डेड लाइक मी' ही मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात 'मीर'च्या शौचालयातली सीट न जळता खाली येते आणि सिॲटल शहरात, जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या एका मुलीवर आदळते. मुलीचं नाव जॉर्जिया लास. सगळे तिला जॉर्ज म्हणतात. कॉलेज अर्धवट सोडलेलं, आईशी रोजची धुसफूस, धाकट्या बहिणीकडे साफ दुर्लक्ष, आणि नोकरीचा तो पहिलाच दिवस. १९७९च्या जुलैत 'स्कायलॅब' कोसळणार म्हणून आपल्याकडे उडालेली घबराट ज्यांना आठवते, त्यांना या प्रसंगातलं हसू आणि त्यातली भीती एकदमच कळेल. त्या स्कायलॅबचे तुकडे शेवटी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावाच्या आसपास पडले आणि तिथल्या स्थानिक प्रशासनाने सार्वजनिक जागी कचरा केला म्हणून 'नासा'ला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. आभाळातून संकट कोसळलं तरी खाली कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन उभं असतं. 'डेड लाइक मी'चं जग नेमकं असंच आहे.

मेल्यावर जॉर्ज कुठेच जात नाही. ती आपलं शवविच्छेदन पाहते, आपल्या अंत्यविधीला हजर राहते, आणि मग रूब नावाचा एक पोक्त माणूस तिला सांगतो की आता तुला कामाला लागायचं आहे. काम रीपरचं, म्हणजे माणसाच्या मरणाच्या वेळी त्याचा जीव काढून घ्यायचं. प्रत्येक रीपरने किती जीव न्यायचे हे ठरलेलं असतं, पण तो आकडा त्याला कधीच सांगितला जात नाही. आकडा भरला की तो सुटतो, आणि त्याने नेलेला शेवटचा जीव त्याच्या जागी रुजू होतो. जॉर्जला ज्याने नेलं त्याचा आकडा तिच्यापाशी भरला. तिने काही पुण्य केलं नव्हतं, काही पापही केलं नव्हतं. तिचा नंबर तेवढा तिथे लागला. या नोकरीत बदली नाही, राजीनामा नाही आणि पगारही नाही.

पगार नाही, हे मालिकेचे कर्ते ब्रायन फुलर यांना सुचलं तिथेच ही मालिका इतर सगळ्या भुताखेतांच्या मालिकांपासून वेगळी झाली, असं मला वाटतं. मृत्यूच्या दूतांनाही भूक लागते. त्यांना घरभाडं असतं, कपडे धुवावे लागतात, सकाळी उठायचा कंटाळा येतो. म्हणून मेलेल्या माणसांच्या रिकाम्या पडलेल्या घरांत ते राहतात, आणि पोटासाठी दिवसा दुसरी नोकरी धरतात. जिवंत माणसांना त्यांचा मूळ चेहरा दिसत नाही, वेगळाच दिसतो. जॉर्ज त्या नव्या चेहऱ्याने, मिली या नावाने, कुठे नोकरी मागायला जाते? तर जिथे पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतून ती परतलीच नव्हती, त्याच कचेरीत. 'हॅपी टाइम' ही कंपन्यांना हंगामी कर्मचारी पुरवणारी संस्था. मरणही जिला नोकरीतून सोडवू शकलं नाही अशी नायिका टीव्हीवर मी दुसरी पाहिलेली नाही.

सकाळी हे सगळे 'डेर वॉफल हाउस' नावाच्या खानावळीत जमतात. बाक ठरलेला आहे. रूब आधीच येऊन बसलेला असतो, पुढ्यात भरगच्च न्याहारी आणि शेजारी जाडजूड रोजनिशी. त्याच्या दाराखालून पाकिटातून आलेली यादी त्याने त्यात उतरवून घेतलेली असते. किफनी ही वाढपी कॉफी ओतून जाते. कोणीतरी अंडी मागवतं, कोणीतरी उसने पैसे मागतं, आणि या गडबडीत रूब एकेकाच्या हातात पिवळी चिकटचिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीवर नावाचं पहिलं अक्षर, आडनाव, जागा आणि वेळ, एवढंच. माणूस बाई आहे की पुरुष, म्हातारं आहे की पोर, हे तिथे गेल्यावरच कळायचं. मृत्यू कशाने येणार हेही लिहिलेलं नसतं. ही मंडळी अपघात, खून, आत्महत्या अशा बाहेरून येणाऱ्या मरणांच्या खात्यातली. इतर मरणांची खाती निराळी. प्लेगचंही एक खातं आहे, पण त्याला सध्या फारसं काम उरलेलं नाही.

या चिठ्ठीवर काय नाही, याचा मी बराच विचार केला. आपण लहानपणापासून ऐकत आलो ती चित्रगुप्ताची वही कर्मांची आहे. तिथे नावापुढे हिशेब असतो, आणि हिशेबावरून पुढचा मुक्काम ठरतो. रूबच्या चिठ्ठीवर हिशेबाचा रकानाच नाही. चांगला माणूस, लबाड माणूस, लहान मूल, सगळ्यांची चिठ्ठी सारखीच. रीपरला निवाडा करायचा अधिकार नाही आणि त्याच्यावरचं कोणीही निवाडा करताना दिसत नाही. जीव काढून घेतल्यावर त्या माणसाला समोर प्रकाशाचं काहीतरी दिसतं, ज्याचं त्याचं वेगळं, आणि तो त्यात चालत जातो. तिथे पुढे काय आहे हे मालिका सांगत नाही. २९ भागांत एकदाही सांगत नाही.

पहिला भाग सुरू होतो तोच एका दंतकथेने. सृष्टी घडवताना देवाने मातीचं एक भांडं एका थोराड बेडकाकडे सांभाळायला दिलं. त्यात मृत्यू होता. दुसरा बेडूक रोज येऊन ते भांडं बघायला मागायचा. एके दिवशी पहिल्याचं मन वळलं. दुसऱ्याने ते हातात घेऊन खेळ करून दाखवायला सुरुवात केली, भांडं निसटलं, फुटलं, आणि मृत्यू जगात सुटला. या गोष्टीत सूड नाही, शाप नाही, मोह पाडणारा सर्प नाही. हातून एक वस्तू पडली, एवढंच. आपल्या कथांमध्ये मृत्यूशी बोलता येतं. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री बसून राहिला आणि त्याने उत्तरं मिळवली. सावित्रीने यमाला शब्दांत पकडून नवऱ्याचे प्राण परत आणले. जॉर्जने वाद घालायचा तर कोणाशी? पाकीट दाराखालून आत सरकतं. ते सरकवणारा हात आपल्याला दिसत नाही, आणि रूबशी वाद घालणं म्हणजे पोस्टमनशी वाद घालणं आहे.

म्हणून ही मालिका मरणाचं कोडं सोडवायच्या भानगडीत पडत नाही. ती दोनच गोष्टी विचारते. माणूस गेला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं? आणि तो गेल्यावर घरातल्यांचे दिवस कसे गेले? हे दोन प्रश्न ती शेवटपर्यंत हातचे सोडत नाही, आणि माझ्या मते दिग्गज म्हणवल्या जाणाऱ्या कितीतरी गंभीर मालिकांना जे जमलं नाही ते तिला त्यामुळेच जमलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पर्शात आहे. रीपरने अपघाताच्या आधी त्या माणसाला हात लावायचा असतो. खांद्याला ओझरता धक्का, हस्तांदोलन, सुटे पैसे देताना बोटांना लागलेली बोटं, काहीही चालतं. त्या क्षणी जीव देहातून सुटतो. मग वरून काहीही कोसळो, तो माणूस आत नसतो. वेदना देहाच्या वाट्याला येते, त्याच्या नाही. हात लावला नाही तर मरण टळत नाही, जीव तेवढा मेलेल्या देहात अडकून पडतो.

हा नियम जॉर्जला पहिल्याच कामात शिकावा लागतो. तिला मिळालेली चिठ्ठी एका रेल्वेगाडीतल्या जागेची असते, आणि तिथे पोचल्यावर कळतं की चिठ्ठीवरचं आडनाव एका लहान मुलीचं आहे. मुलगी गप्पा मारते. जॉर्ज तिला वाचवू पाहते. आपल्यापैकी कोणीही तेच केलं असतं. रूब तिथे येतो. तो ओरडत नाही. मरण थांबवणं तुझ्या हातात नाही, तिला सोबत देणं आहे, हे तो तिच्या गळी उतरवतो. रूबचं काम करणाऱ्या मँडी पटिंकिन यांनी हा प्रसंग ज्या आवाजात केला आहे तो आवाज मी विसरू शकलेलो नाही. त्यात दया आहे, पण सूट नाही. शेवटी जॉर्ज हात लावते. नंतर त्या मुलीला समोर जत्रेतले दिवे लागलेले दिसतात, पाळणे फिरताना दिसतात, आणि ती तिकडे जाते. अठरा वर्षं कशातच मन न लागलेल्या जॉर्जने आयुष्यात पहिल्यांदा एक काम पूर्ण केलेलं असतं, आणि ते हे.

मी हा भाग पुन्हा पाहिला तो २०२१च्या उन्हाळ्यानंतर. करोनाच्या त्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी आपलं माणूस रुग्णवाहिकेत चढताना शेवटचं पाहिलं होतं. आत काय झालं, तहान लागली होती का, कोणी हात धरला होता का, हे त्यांना कधी कळलं नाही. हात धरणारं कोणी असेलच तर ते हातमोजे घातलेलं, नाव न कळलेलं, त्या दिवशी आणखी कितीतरी जणांपाशी जाऊन आलेलं कोणीतरी होतं. त्या परिचारिका, ते वॉर्डबॉय, स्मशानातली रात्रंदिवस राबणारी माणसं, यांना काम म्हणून मरणाच्या जवळ उभं राहावं लागलं. २००३ साली अमेरिकेत लिहिलेल्या या मालिकेला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण मरणाऱ्याला हात लावणारा माणूस पोटासाठी राबणारा, कंटाळलेला, अपुऱ्या झोपेचा, आणि तरी वेळेवर पोचणारा असतो, हे तिने आधीच ओळखलं होतं. तेव्हापासून ही मालिका मला विनोदी वाटते त्याहून जास्त जवळची वाटते.

युरोपने मृत्यूला हाडांच्या सांगाड्याचं रूप दिलं ते मध्ययुगाच्या अखेरीला. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने त्या खंडातली प्रचंड माणसं नेली, आणि पुढच्या पिढ्यांत चर्चच्या भिंतींवर 'मृत्यूचं नृत्य' रंगवलं जाऊ लागलं. पॅरिसच्या 'होली इनोसंट्स' दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ साली रंगवलेलं चित्र त्यांतलं फार प्रसिद्ध. १६६९ साली ती भिंत पाडली गेली. या चित्रांत सांगाडा पोपचा हात धरतो, राजाचा धरतो, शेतकऱ्याचा धरतो, पाळण्यातल्या बाळाचाही धरतो. १५३८ साली छापल्या गेलेल्या हान्स होल्बाइनच्या काष्ठचित्रांतही तेच. पीक कापायचा लांब दांड्याचा विळा आणि काळा झगा ही या सांगाड्याची ओळख होऊन बसली आणि पुढच्या शतकांनी तीच उचलली. फुलर यांनी झगा आणि विळा दोन्ही काढून टाकले आणि त्या भिंतीवरचा हात धरणं तेवढं ठेवलं.

या मालिकेत लोक मरतात त्या पद्धती विचित्र असतात, आणि त्यांवर आपल्याला हसू येतं. अपघात जुळवून आणणारे ग्रेव्हलिंग नावाचे छोटे, ओंगळ प्राणी कोपऱ्याकोपऱ्यांत फिरत असतात. त्यांच्याबद्दल मला विशेष सांगण्यासारखं काही वाटत नाही; त्यांचं चित्रण आता जुनंही दिसतं. मला गुंतवतात ती खुद्द रीपरांची मरणं, कारण त्यांतलं प्रत्येक मरण एका काळाला बांधलेलं आहे. मेसन हा लंडनचा तरुण १९६६ साली मेला. कायमची धुंदी मिळेल म्हणून त्याने स्वतःच्या कवटीला भोक पाडलं होतं. ही लेखकाची कल्पनाशक्ती वाटेल, पण बार्ट ह्यूगेस या डच माणसाने १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये हेच स्वतःच्या डोक्यावर करून पाहिलं होतं, तेही याच समजुतीने. तो जगला, आणि त्याला अनुयायीही मिळाले. डेझी अडेर ही नटी १९३८ साली 'गॉन विथ द विंड'च्या सेटवरच्या आगीत गेली. त्या चित्रपटातलं अटलांटा शहर पेटल्याचं दृश्य खरोखरच १० डिसेंबर १९३८च्या रात्री चित्रित झालं होतं. त्यासाठी स्टुडिओच्या आवारातले जुने सेट जाळले होते, त्यांत 'किंग काँग'साठी वापरलेलं भव्य दारही होतं. रॉक्सी १९८२ साली गेली. तिने व्यायामाच्या वेळी पायांवर चढवायचे लोकरी लेगवॉर्मर शोधून काढले होते, आणि मत्सराने पेटलेल्या तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने त्यांनीच तिचा गळा आवळला. त्याच वर्षी जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट बाजारात आली होती आणि तो पोशाख घरोघर पोचायला लागला होता. रॉक्सीने लावलेला शोध जगभर खपताना तिला मेल्यावर पाहावं लागलं. आता ती रस्त्यावर चुकीच्या ठिकाणी उभ्या केलेल्या गाड्यांना दंडाच्या पावत्या लावते, पुढे पोलिसात जाते. जॅस्मिन गाय यांनी तिला दिलेला ताठ कणा पाहिला की या बाईचं काय हिरावलं गेलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि बेटी. १९२६ साली कड्यावरून उडी मारताना मेलेली, हसरी. ज्याचा जीव ती नेते त्याचा ती झटपट फोटो काढून ठेवते. ते फोटो तिने पिशव्या भरभरून जपलेले. रूबच्या रोजनिशीत नावं आहेत, बेटीकडे चेहरे आहेत. पाचव्या भागात ती एका माणसाच्या प्रकाशात त्याच्याबरोबर उडी घेते आणि निघून जाते. तिला तशी परवानगी होती की नाही, ती कुठे पोचली, हे मागच्यांना कळत नाही. पडद्यामागची हकीकत अशी की त्याच सुमारास ब्रायन फुलर यांनीही ही मालिका सोडली. निर्मिती करणाऱ्या 'एमजीएम' स्टुडिओशी त्यांचं पटेना. कथेतले काही धागे त्यांना हवे तसे ठेवू दिले गेले नाहीत. जॉर्जच्या वडिलांचं समलैंगिक असणं हा त्यांतला एक, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. पहिल्या मोसमात वडिलांचं विवाहबाह्य प्रकरण एका विद्यार्थिनीशी दाखवलं जातं, आणि तो धागा शेवटपर्यंत ओढूनताणून आणल्यासारखाच वाटतो. फुलर गेल्यावर जॉन मेसियस आणि स्टीफन गॉडशॉ यांनी सूत्रं हाती घेतली. मालिका चांगलीच राहिली, पण सुरुवातीच्या भागांतला तीव्रपणा कमी झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न घराचा. या बाबतीत मात्र फुलर गेल्यानंतरही मालिकेने कच खाल्ली नाही.

जॉर्जला आपल्या घरच्यांना भेटायची, आपण कोण आहोत ते सांगायची बंदी आहे. ती तरी जाते. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून खिडकीतून पाहते, कारणं काढून दारात जाते. आत काय चाललेलं असतं? आई जॉय घर आवरत असते. जॉय ही सिंथिया स्टीव्हन्सन यांनी साकारलेली बाई शिस्तीची, काटेकोर, मोजकं बोलणारी आहे. मुलगी गेल्यावर ती हंबरडा फोडत नाही. ती कामं काढते. मुलीची खोली, मुलीच्या वस्तू, काय ठेवायचं, काय काढून टाकायचं. नवरा क्लॅन्सी इंग्रजीचा प्राध्यापक. त्याचं दुःख घराबाहेर पडतं आणि घर मोडतं. दुसऱ्या मोसमात त्यांचा घटस्फोट होतो. मूल गेल्यावर जोडपं एकमेकांच्या जवळ येतं, हे सिनेमांनी आपल्याला शिकवलं आहे. इथे एकाच छताखाली दोन माणसं दोन वेगळ्या वेगांनी शोक करतात आणि एकमेकांना दिसेनाशी होतात. मला हे जास्त खरं वाटतं.

धाकटी बहीण रेजी काय करते ते सांगतो. ती शौचालयांच्या सीटा चोरते. जिथून मिळतील तिथून उचकटून आणते आणि एका झाडाच्या फांद्यांना टांगते. शाळेला, शेजाऱ्यांना, आईला यात विकृती दिसते. पण ज्या वस्तूने बहिणीला मारलं तीच वस्तू ती गोळा करते आहे, उंचावर नेऊन लटकवते आहे, जणू आभाळातून खाली येण्याआधी तिला धरून ठेवायचं आहे. पहिल्या भागात ज्या सीटवर आपण हसलो होतो, तीच सीट अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या हातात आल्यावर हसू घशात अडकतं. ब्रिट मॅकिलिप या बालनटीने रेजीचं काम एकही लाडिक नजर न टाकता केलं आहे. दुःखातली मुलं शहाणी, गोड, मोठ्यांना धीर देणारी असतात असं दाखवायची टीव्हीला सवय आहे. रेजी चोरी करते, खोटं बोलते, हट्ट करते. जिवंत असताना जॉर्जने तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक आहे, आणि आता ते भरून काढायची सोय राहिलेली नाही.

आपल्याकडे दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर घरातलं कोणीतरी पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतं: धाकटीचं लग्न करू, आईला सांभाळू, काळजी करू नकोस. ज्यांचा यावर विश्वास नाही तेही त्या क्षणी गप्प उभे राहतात, कारण तिथे एक जागा असते जिथे मागे राहिलेला गेलेल्याशी बोलू शकतो. लास कुटुंबाकडे अशी जागा नाही. अंत्यविधी उरकतो, पाहुणे जातात, आणि त्यानंतर कोणी कोणाला काही विचारत नाही. मग रेजीने झाडाला सीटा बांधल्या, यात नवल वाटायचं कारण काय?

घर असं आटत जात असताना कचेरी मात्र जॉर्जला सामावून घेते, आणि हा भाग लिहिताना लेखकांनी किती माया ओतली आहे! 'हॅपी टाइम'मधली तिची वरिष्ठ डोलोरेस हर्बिग पहिल्या नजरेत असह्य आहे: सतत हसरी, सतत उत्साही, भिंतीवर बोधवचनं, घरी मरे नावाचं मांजर. घरकाम करतानाचं आपलं चित्रण ती इंटरनेटवर लोकांना दाखवते. स्वस्तातल्या मालिकेने तिची टर उडवून सोडून दिली असती. इथे हळूहळू कळतं की या हसण्यामागे एकटेपण आहे, तिने बरंच काही सोसलं आहे, आणि रोज सकाळी नेटाने उभं राहायची तिने स्वतःला सवय लावली आहे. जॉर्जला ती बढती देते, घरी बोलावते, तिच्यावर भरवसा टाकते. सख्ख्या आईपाशी जे कधी जुळलं नाही ते या परक्या बाईपाशी थोडं जुळतं. क्रिस्टीन विल्स यांचं हे काम कोणत्याही मोठ्या पारितोषिकाच्या तोडीचं होतं.

बाप म्हणून रूब आहेच. तो जॉर्जला शेंगदाणा म्हणतो, तिला ओरडतो, तिच्या ताटातलं उरलेलं पाहतो. मँडी पटिंकिन हे ब्रॉडवे रंगभूमीवरचे नामवंत गायक-नट. 'एव्हिटा'साठी त्यांना १९८० साली टोनी पारितोषिक मिळालं. १९८७च्या 'द प्रिन्सेस ब्राइड'मध्ये बापाच्या खुन्याला शोधणारा तलवारबहाद्दर त्यांनी केला. त्यांचे स्वतःचे वडील १९७२ साली कर्करोगाने गेले, आणि त्या चित्रपटातलं शेवटचं द्वंद्व करताना आपल्या डोळ्यांसमोर तेच होते असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. रूब करताना ते तेव्हाच्या मुलाच्या जागेवरून बापाच्या जागेवर आले. रूबचीही एक मुलगी होती. ती लहान असताना तो गेला. दुसऱ्या मोसमाच्या अखेरीस तो तिला शोधतो, तेव्हा ती वृद्धाश्रमात असते, अंथरुणाला खिळलेली. बापाचं वय मरणाच्या दिवशी थांबलेलं, मुलगी त्याच्याहून कितीतरी म्हातारी. रोज दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाटणारा हा माणूस त्या खोलीत बसलेला असताना पटिंकिन जवळजवळ काहीच करत नाहीत, आणि सगळं कळतं.

३१ ऑक्टोबर २००४ रोजी, म्हणजे हॅलोविनच्या दिवशी, शेवटचा भाग दाखवला गेला. वाहिनीने पुढचा मोसम दिला नाही. मृत्यूच्या दूतांना माणसांसारखं जगायला लावणाऱ्या कथा त्यानंतर खूप आल्या. २०१६-१७ साली दक्षिण कोरियात गाजलेल्या 'गॉब्लिन' मालिकेतला यमदूत काळी टोपी घालतो, मरणाऱ्यांच्या नावांची कार्डं बाळगतो आणि मेलेल्यांना आठवणी पुसणारा चहा पाजतो. आपल्याकडची तरुण मंडळी ती मालिका मोठ्या हौसेने पाहतात. त्यांनी त्यानंतर 'डेड लाइक मी' जरूर पाहावी. तिथला यमदूत देखणा आणि दुःखी आहे. इथल्यांना दुःख करायलाही वेळ काढावा लागतो.

२००९ साली थेट डीव्हीडीवर एक चित्रपट आला. पटिंकिन त्यात नव्हते, डेझीच्या कामात दुसरी नटी होती, आणि वॉफल हाउस जळून गेलेलं होतं. रूबच्या जागी आलेला नवा प्रमुख ११ सप्टेंबर २००१ला वर्ल्ड ट्रेड सेंटरमधून पडून मेलेला उद्योगपती आहे. ही कल्पना भारी होती, पण चित्रपटाला ती पेलली नाही. एक प्रसंग मात्र पाहण्यासारखा आहे. जॉर्ज अखेर नियम मोडते आणि रेजीला आपण कोण ते सांगते. मालिकेने दोन मोसम जे रोखून धरलं ते इथे फारच घाईने उरकलं आहे, तरी जॉर्ज साकारणाऱ्या एलन म्यूथ आणि ब्रिट मॅकिलिप समोरासमोर आल्यावर मला ते हवं होतं हे मान्य करावंच लागतं.

फुलर यांनी मधल्या काळात 'पुशिंग डेझीज' केली. तिच्यातला 'पाय' नावाचा खाद्यपदार्थ बनवणारा तरुण मेलेल्यांना स्पर्शाने जिवंत करतो आणि दुसऱ्या स्पर्शाने कायमचं मारतो. मग 'हॅनिबल' आली. २०१३ साली तिच्या पहिल्या मोसमात त्यांनी एलन म्यूथ यांना दोन भागांसाठी बोलावलं आणि त्या पात्राचं नाव जॉर्जियाच ठेवलं. ही जॉर्जिया एका दुर्मीळ मनोविकाराने ग्रासलेली आहे: आपण मेलो आहोत अशी तिची खात्री पटलेली आहे, आणि तिला कोणाचेही चेहरे ओळखू येत नाहीत. विल ग्रॅहम हा तपास करणारा माणूस तिला पलंगाखाली शोधतो. तिचा हात धरतो. आणि ती जिवंत आहे असं तिला सांगतो.